मेजरसाहेबांचं गरम सफरचंद

“दारू उकळायची न्हाय, पोरी. उकळली की ती रागावून निघून जाते आन् मागं नुसता वास ठेवते. आदी सफरचंद उकळू दे, मसाला उतरू दे, पातेलं खाली घे, आन् मग दारू. ध्यानात ऱ्हाईल?”

“राहील, आबा.”

“ऱ्हाईल म्हणतीस, पण ध्यान कुठं हाय तुजं?”

ध्यान माझं घड्याळाकडे होतं. नाताळचा दिवस, सकाळचे अकरा. पाचगणीच्या त्या मुलींच्या शाळेत मी बारा वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि शाळेच्याच आवारातल्या दोन खोल्यांत राहत होते. मुली सुट्टीला घरी गेल्या होत्या. झाडांवर इतकं धुकं होतं, की फाटकही दिसत नव्हतं. माझे वडील आदल्या दिवशी गावाहून एसटीने आले होते. किटबॅगेत एक घोंगडी, शेंगांची पिशवी आणि सैन्याच्या कँटीनमधली व्हिस्कीची बाटली. स्वतः त्यांनी जन्मात थेंब घेतला नाही. पंचवीस वर्षं ऑफिसर्स मेसमध्ये दारू ओतली, आणि चांगली की वाईट हे नुसत्या वासावरून ओळखत आले. बाटली आणली ती माझ्या ‘वरच्या मान्सांना’ द्यायला.

त्या वरच्या माणसांचीच चिठ्ठी सकाळी शिपाई घेऊन आला होता. आमच्या शाळा समितीच्या अध्यक्ष मिसेस जगदाळे. जुन्या प्रिन्सिपॉल मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या जागी दोघींची नावं होती, एक माझं आणि दुसरं गणिताच्या मिस फर्नांडिसचं. निर्णय जानेवारीत, आणि तो कुणाच्या हातात होता हे शाळेतल्या मांजरालाही ठाऊक होतं. ती खुर्ची मला हवी होती. नुसती हवी होती असं नाही, मी बारा वर्षं तिच्याकडेच चालत आले होते.

“काय लिवलंय?” आबांनी विचारलं. चिठ्ठी इंग्रजीत होती.

“चार वाजता कर्नल आणि मिसेस जगदाळे चहाला येतायत.”

चिठ्ठीत आणखी एक ओळ होती, ती मी वाचून दाखवली नाही.

“च्या कसला!” आबा एकदम खुलले. “कर्नल मानूस, नाताळचा दिस, आन् ही असली थंडी. च्या पाजशील तर हसंल तो. गरम सफरचंद करू. मेसात नाताळला हेच करायचो आमी. वरती बर्फात एकेक साहेब दोन दोन गलास मागायचे.”

मलाही ते पटलं. बाजारात जाऊन सिमल्याची सफरचंदं आणली. आबांनी त्यातली लालभडक, गुळगुळीत बाजूला सारली आणि बारकी, आंबटसर निवडली. सालीसकट किसून मलमलच्या फडक्यातून पिळली. स्टोव्हवर रस चढवला, त्यात दालचिनी, चार लवंगा, गुळाचा खडा, संत्र्याची साल. खोलीभर असा काही वास सुटला, की मला लहान झाल्यासारखं वाटलं. आबा पळी फिरवताना ताठ उभे राहत. साठी उलटलेला माणूस, पण कणा एरंडाच्या दांडीसारखा सरळ. मिशा पांढऱ्या, वळलेल्या. कुणीही म्हणावं, मोठा लष्करी अधिकारी असणार.

आणि लोक तसं म्हणतच होते. खरं दुखणं तिथंच होतं.

नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, ‘भारतीय सैन्य’. त्यात खोटं काहीच नव्हतं. मुलाखतीत तेव्हाच्या प्रिन्सिपॉलबाईंनी विचारलं, “ऑफिसर?” मी हसले. बस, एवढंच केलं मी. हसण्याला कुणी खोटं बोलणं म्हणतं का? पहिल्या सहामाहीत आबा कॅप्टन झाले. कुणीतरी विचारलं, “आता कुठल्या रँकवर आहेत?” मी पुन्हा हसले. अशी हसत हसत मी त्यांना मेजरपर्यंत नेलं. सरकारनं ज्यांना हवालदाराच्या पुढे सरकू दिलं नाही, त्यांना मी बढत्या दिल्या. गावातली शालन इथं शालिनी झाली, तसेच मेसमधले हवालदार दौलती इथं मेजर कणसे झाले. गाव पाचगणीपासून चार तासांवर होतं, सुट्टीत मीच तिकडे जात असे. आबा इथं कधी आलेच नव्हते. त्या वर्षी तेच म्हणाले, “तुजी शाळा बघायची हाय,” आणि नको म्हणायला मला तोंड नव्हतं. ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं, वडील येणार आहेत, नाताळच्या कार्यक्रमाला मी नसेन. तेवढं बोलले आणि पायावर धोंडा पाडून घेतला. चिठ्ठीतली ती न वाचलेली ओळ अशी होती: ‘मेजरसाहेबांना भेटण्याची कर्नलना फार उत्सुकता आहे.’

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, “आबा, चार वाजता तुम्ही टेबललँडवर फिरून या ना. हवा छान असते. सूर्य मावळताना तर...”

“या धुक्यात सूर्य?”

“धुकं जाईल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सफरचंदाची सालं गोळा करायला लागले.

“मी जातो की,” ते म्हणाले. “पण हे गरम कोण ठेवणार? ह्ये एकदा गार झालं की घशाखाली उतरत न्हाय. मी हितं आत बसतो. आवाज सुदिक करणार न्हाय.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

चारच्या ठोक्याला जीप वाजली. मिसेस जगदाळे बारीक चणीच्या, केस पांढरेशुभ्र, बोलणं मऊ आणि नजर सुईसारखी. कर्नल थोराड, एका पायाने लंगडणारे, मोठ्याने हसणारे. बाहेरच्या खोलीत माझ्या चार वेताच्या खुर्च्या होत्या. दोघं बसले, मी बसले, चौथी रिकामी राहिली. स्वयंपाकघर आणि आमच्यामध्ये नुसता पडदा होता.

“मेजरसाहेब कुठायत?” कर्नलनी बसता बसता विचारलं.

पडद्यामागे पळीचा आवाज चालू होता.

“बाबा ना?” मी म्हटलं. आमच्या घरात बाबा हा शब्द कधी वापरला गेला नव्हता. “ते टेबललँडवर गेलेत फिरायला. चालायची फार सवय त्यांना. सांगूनही ऐकत नाहीत.”

पळीचा आवाज थांबला.

“आर्मीचा माणूस!” कर्नल खूश झाले. “मेजर कणसे... मी आठवतोय कधीपासून. कुठल्या कोअरमध्ये?”

“मी जरा गरम काहीतरी आणते,” म्हणत मी उठले आणि आत गेले.

आबा स्टोव्हजवळ उभे होते. पातेलं खाली उतरवलेलं होतं, बाटली उघडी होती, बेत अगदी त्यांनी सांगितला तसाच. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी घाईघाईने पळीने ग्लासात ओतायला घेतलं आणि पहिलाच ग्लास तडकला. गार ग्लास आधी गरम पाण्यातून काढायचे असतात हे ते मला सकाळी दोनदा सांगून चुकले होते. सफरचंद ओट्यावरून खाली गळायला लागलं.

“काही मदत हवी का, मिस कणसे?” बाहेरून मिसेस जगदाळे.

“नको, नको!”

“सरक,” आबा हळूच म्हणाले. त्यांनी सदऱ्याचं गळ्याशी उघडं असलेलं बटण लावलं. धुतलेला पांढरा पंचा घडी करून डाव्या हातावर घेतला. तीन ग्लास कढत पाण्यातून काढले, पुसले, भरले, वरून जायफळ किसलं, ट्रेमध्ये मांडले. सगळं मिनिटभरात.

“आबा, मी नेते.”

“मेजर म्हणालीस न्हवं?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मी निभावून नेलं असतं. “मग मेजरच्या घरात पोरगी ट्रे धरत न्हाय.”

आणि पडदा बाजूला करून ते बाहेर गेले.

मी मागोमाग गेले तेव्हा ते मिसेस जगदाळेंच्या डाव्या अंगाला कमरेत किंचित वाकून उभे होते. ट्रे हलत नव्हता. मग कर्नल, मग मी. माझ्यासमोर वाकून ते म्हणाले, “बाईसाहेब.” मी ग्लास घेतला.

कर्नलनी एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. “अरे! हे तर मेसचं! अगदी तेच! कुणी केलं?”

“म्या केलं, साहेब.”

“मेसमध्ये होतास?”

“पंचवीस वर्सं, साहेब.”

“शाबास! तरीच. नाव काय?”

“दौलती, साहेब.”

“मेजरसाहेबांचा जुना माणूस दिसतोस. किती वर्षं झाली त्यांच्याबरोबर?”

“चौतीस वर्सं, साहेब.”

त्या वर्षी मला चौतीस पुरी झाली होती.

कर्नलना आता मेजरसाहेबांची घाई राहिली नव्हती. मेसमध्ये काम केलेला माणूस म्हणजे त्यांच्या तरुणपणाचा साक्षीदारच. कुठल्या ठाण्यावर होतास, तिथला अमका आचारी आठवतो का, बर्फात पाइप फुटायचे तेव्हा काय करायचात, असे प्रश्नांवर प्रश्न. आबा उभ्या उभ्या उत्तरं देत होते आणि एकही उत्तर खोटं नव्हतं. खोटं फक्त माझ्या तोंडात होतं आणि ते मी सफरचंदाच्या घोटाबरोबर गिळत होते.

मग मिसेस जगदाळेंनी विचारलं, “तुमचे साहेब कसे आहेत हो? शिस्तीचे असतील ना? आमच्या मिस कणसेंकडे बघून वाटतं तसं.”

“साहेब?” आबा क्षणभर थांबले. मला वाटलं, आता सांगतील. खरं सांगते, सांगून टाकावं असंही वाटलं. “साहेब तापट हायत, बाईसाहेब. पण पोरीवर कधी हात उगारला न्हाय. पोरगी झाल्याची तार आली तवा आमी वर बर्फात हुतो. डिसेंबरच हुता. साहेबांनी स्वतःच्या पगारातनं समद्यांना हे असंच गरम सफरचंद पाजलं. लोक म्हणले, आरं, पोरगीच झाली न्हवं? साहेब म्हणले, म्हणून तर.”

कर्नल खो खो हसले. मिसेस जगदाळेंचे डोळे चमकले. मी मात्र ग्लासात पाहत राहिले, कारण ही गोष्ट मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

“पोरीची पत्रं यायची,” आबा सांगत होते. आता ते कुणाकडेच बघत नव्हते. “शाळंतनं, कालेजातनं. साहेब चार चारदा वाचायचे. पुढं पुढं इंग्रजीत यायला लागली, तवा दुसऱ्याकडनं...” ते अडखळले. “दुसऱ्यांना वाचून दाखवायचे. म्हणायचे, बघा, माजी पोरगी काय लिवती.”

कॉलेजात असताना मला इंग्रजीतून पत्रं लिहायची हौस आली होती. सराव होतो म्हणून. ती ते कुणाकडून वाचून घेतात, याचा विचार मी कधी केला नव्हता.

“भाग्यवान आहात हं, मिस कणसे,” मिसेस जगदाळे म्हणाल्या. “घरचं वळण लपत नाही.”

तेवढ्यात कर्नलनी ती चौथी खुर्ची पायाने पुढे सरकवली. “बस, दौलती. नाताळ आहे. आज मेस बंद. तूही एक ग्लास घे आमच्याबरोबर.”

“न्हाय साहेब, असू द्या.”

“अरे बस! तुझ्या मालकीणबाई काही म्हणणार नाहीत. काय हो, मिस कणसे?”

तिघंही माझ्याकडे पाहायला लागले. त्यातले आबा मला आजही दिसतात. हातावर पंचा, आणि चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही, अगदी कोरा. त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं आणि बंदही करून ठेवलं होतं, जे मला हवं ते मी घ्यावं. दोन शब्दांचं काम होतं. ‘हेच माझे’ एवढं म्हटलं असतं तरी पुढचं कर्नल समजले असते. खुर्ची गेली असती, नाहीतर गेलीही नसती. मिस फर्नांडिस काही वाईट प्रिन्सिपॉल झाली नसती.

मी तोंडभर हसले आणि म्हटलं, “बसा ना, दौलतीमामा.”

आपल्याकडे शिपायाला, माळ्याला, जुन्या गड्याला आपण मामा म्हणतो. त्यात मान असतो आणि अंतरही असतं. शाळेत मी दिवसातून वीस वेळा कुणाला ना कुणाला मामा म्हणत होते, त्यामुळे शब्द कसा अगदी सराईतपणे आला. बारा वर्षं मी नुसतं हसून काम भागवलं होतं, पण त्या दिवशी मी बोलले.

“आत काम हाय, बाईसाहेब,” आबा म्हणाले. कर्नलना त्यांनी पाय जुळवून सलाम केला, रिकामे ग्लास ट्रेत गोळा केले आणि आत गेले.

जगदाळे पतिपत्नी आणखी अर्धा तास बसले. काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. जाताना कर्नल पडद्याकडे बघून ओरडले, “दौलती, मेजरसाहेबांना माझा नमस्कार सांग!” आतून आवाज आला, “सांगतो, साहेब.”

जीप गेली. मी पडदा सारून आत गेले. आबा ग्लास धुऊन पालथे घालत होते. ओट्यावर सांडलेलं त्यांनी पुसून घेतलं होतं, तडकलेल्या ग्लासाचे तुकडे कागदात बांधून ठेवले होते, हात कुणाचा कापू नये म्हणून.

“मेजर बरा निघाला गं,” ते पाठमोरेच म्हणाले. “मला वाटलं, लई ताठ असंल.”

“आबा, माझं चुकलं.”

“गलासाचं व्हय? सांगितलं हुतं तुला, आदी गरम पाण्यातनं काढ.”

“ग्लासाचं नाही म्हणत मी.”

त्यांनी पंचा पिळला, झटकला, दोरीवर वाळत घातला. त्याच्या चारही कडा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, “शालन, एक इचारू?”

“विचारा.”

“तुज्या आईला काय केलंस त्यात?”

मला आधी कळलंच नाही. “कशात?”

“ह्येच्यात. मी मेजर झालो. मग ती कोण झाली?”

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आबा बर्फात असताना तिने लोकांच्या शेतात भांगलण करून मला शाळेत ठेवलं होतं. माझ्या वह्यांवर तिच्या हाताच्या मातीचे ठसे असायचे आणि मी ते खोडरबरने घासून काढायची. मेजर कणशांना मी रँक दिला, शिस्त दिली, फिरायची सवय दिली. बायको द्यायला विसरले. आईला मी काहीच केलं नव्हतं, खोटंसुद्धा नाही.

“कुणी विचारलंच नाही, आबा,” मी म्हटलं.

पातेल्याच्या तळाशी उरलेलं सफरचंद त्यांनी मोरीत ओतलं.

“बरं झालं,” म्हणाले. “तिला जमलं नसतं.”

त्या रडण्याचं मी काय सांगू? मी रडले, त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि लहानपणी म्हणायचे तसं “उगी, उगी” म्हणाले. माफ केलं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गेले. शाळा बघायची राहूनच गेली, कारण शाळा दाखवायची तर शिपाई, माळी, मेट्रन सगळे भेटले असते.

फेब्रुवारीत मला नेमणुकीचं पत्र आलं. आबांनी गावात पेढे वाटले. मी अठरा वर्षं प्रिन्सिपॉल होते, आणि लोक म्हणतात चांगली होते. मी दर महिन्याला गावी जायची, त्यांच्याजवळ बसायची, डोळ्यांना, दातांना, कशाला काही कमी पडू दिलं नाही. पण ‘पाचगणीला या’ असं मी म्हटलं, की ते म्हणत, “थंडी सोसत न्हाय आता.” उभं आयुष्य बर्फात काढलेला माणूस! मीही कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर, ते नाही म्हणाले की मला हायसं वाटायचं. इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य लिहिताना अजून हात थांबतो.

त्या नाताळानंतर अकराव्या वर्षी ते गेले. दहावं-तेरावं उरकून मी परतले, त्या सकाळी शाळेने प्रार्थनेच्या वेळी शोकसभा ठेवली होती. मला कुणी काही विचारलं नव्हतं. व्यासपीठावर फळा होता, आणि त्यावर चित्रकलेच्या बाईंनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘मेजर डी. एस. कणसे यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. भोवती झेंडूची माळ होती.

मी फळ्याच्या अगदी जवळ उभी होते. खडू आणि डस्टर हाताच्या अंतरावर. पीटीच्या बाईंनी ‘सावधान’ म्हटलं आणि अडीचशे मुली एका झटक्यात ताठ झाल्या. दोन मिनिटं फार मोठी असतात. तेवढ्यात माणूस एक शब्द पुसून दुसरा लिहू शकतो, आणि शिवाय शेजारी त्याच्या बायकोचं नावही घालू शकतो. मी मान खाली घालून उभी राहिले. ‘विश्राम’ झालं, मुली रांगेने वर्गात गेल्या.

हवालदार दौलती सखाराम कणसे यांच्यासाठी त्या दिवशी तिथं कुणीही उभं राहिलं नाही. मीसुद्धा मेजरसाठीच उभी होते.